एकदाच पाहायचा सिनेमा आणि तो दरवर्षी पाहणारे भोयरकाका

इथं जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. विमलकाकू, तुम्हाला वाकून नमस्कार.

बोलणं अवघड आहे. आपल्या तात्यापारा वस्तीतल्या याच हॉलमध्ये भोयरकाका उभे राहून बोलायचे आणि आज त्यांच्या फोटोशेजारी मी उभी आहे. मी सुनंदा. इथल्या मंत्रालयात नोकरी करते, काकांच्या गल्लीत राहते. मध्येच रडू आलं तर थांबेन, पाणी पिईन, पुन्हा बोलेन. कारण काका गेले हे सांगायला मी उभी नाही. काका जिंकले, हे सांगायला उभी आहे.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. रायपूर छत्तीसगढची नवी राजधानी झाली, माझ्यासारख्या माणसांनी बदलीवर इथं बिऱ्हाडं आणली, त्याच सुमारास काकांनी आपलं सिनेमा मंडळ काढलं. वर्षभर वेगवेगळे सिनेमे. पण हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी दरवर्षी एकच.

तुमच्यातल्या बहुतेकांनी तो पाहिला आहे. एकदाच पाहिला आहे. परदेशातला, बर्फाच्या डोंगरातला. एक आई आजारी मुलीला पाठीवर बांधून दवाखान्याकडे चालायला लागते. वाटेत मुलगी गप्प होते. आपल्याला कळतं. आईला कळत नाही. ती चालत राहते, तिच्याशी बोलत राहते. गावात पोचल्यावर काय खाऊ घेऊन देईन, ते सांगत राहते.

यापेक्षा मोठा सिनेमा मी पाहिलेला नाही. आणि तो संपल्यावर मी काकांना म्हणाले होते, हा पुन्हा दाखवलात तर मी तुमच्याकडे चहालाही येणार नाही.

काका म्हणाले, "तुले पुन्हा पाहायला कोण सांगून राहिलं? एकदा पाहिला ना? झालं."

"मग दरवर्षी काहून दाखवता?"

"हसवणारा सिनेमा लोकं आपल्या मनानं पाहतात, बाई. हा कोणी बसवल्याशिवाय पाहणार नाहीत."

मग त्यांनी नियम केला. ज्यानं पाहिला त्यानं एक नवा माणूस आणायचा आणि स्वतः बाहेर चहा करायचा. मी चौदा वर्षं चहा केला.

पण काकांना बाहेर बसता येत नव्हतं. का? सिनेमातली भाषा कोणाला येत नव्हती आणि खाली येणारं इंग्रजी वाचणारे थोडे. म्हणून काकांनी डिक्शनरी घेऊन सगळे संवाद एका वहीत हिंदीत उतरवले आणि पडद्याशेजारी उभं राहून ते बोलायचे. पहिल्या वर्षी ती आई रेल्वेच्या नोटिशीसारखी बोलली. लोक हसले. चाळीस आले होते, शेवटी अकरा उरले. काकांनी पुढच्या वर्षी सगळं पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. हळूहळू दाराबाहेर चहा गाळताना मला काकांचा आवाज ऐकू येईनासा झाला. आईचाच ऐकू यायचा.

जो सिनेमा आपल्याला दुसऱ्यांदा सोसत नाही, तो हा माणूस दरवर्षी पाहत होता. आपल्याला एकदा पाहता यावा म्हणून.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्याच हिवाळ्यात शहराबाहेरच्या नव्या रायपूरमधल्या एका संस्थेनं आपला मोठा हॉल देऊ केला होता. मी दवाखान्यात भेटायला गेले, म्हणाले, काका, यंदा राहू द्या. त्यांनी कागद ओढला, लिहिलं, "यंदा तू."

मी म्हटलं, "मले नाही जमत, काका. मी नाही पाहू शकत पुन्हा."

त्यांनी खाली लिहिलं, "मलेही कधी जमलं नाही."

मी त्यांची संवादांची वही घरी आणली.

त्या रविवारी दुपारी तो मोठा हॉल भरला. बसची सोय नाही, तरी माणसं स्कूटरवर, गाड्यांत दाटीवाटीनं आली. पायऱ्यांवर बसली. मी पडद्याशेजारी उभी राहिले. अर्धा सिनेमा बोलले. आणि ती जागा आली, जिथे आई विचारते, झोपलीस का ग. माझ्या तोंडून शब्द फुटेना. पडद्यावर आई बोलून गेली, हॉलमध्ये शांतता. दुसरं वाक्य गेलं. तिसरं गेलं. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेले काका खुर्चीवरून उठले. माझ्याजवळ आले, माझं कोपर धरलं आणि वहीतल्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मी ती ओळ बोलले. मग पुढची. शेवटपर्यंत त्यांचं बोट ओळीखाली सरकत राहिलं, आणि मी बोलत राहिले.

एकही माणूस उठून गेला नाही. एकही नाही.

आणि मग बाहेर जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. दारापाशी चहा तयार होता, पण कोणी घेईना. जो तो फोनवर. आपल्या पोराटोरांना मराठी समजतं, पण ती बोलतात हिंदीत. तशीच एक पोट्टी भिंतीकडे तोंड करून म्हणत होती, "कुछ नहीं मम्मी, ऐसे ही किया." एक साहेब छत्तीसगढीत विचारत होते, "दाई, भात खाए हस?" कोणी तेलुगूत, कोणी ओडियात. सगळी मोठी माणसं, सगळ्यांनी आपापल्या आईला फोन लावलेला.

काका दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे वळून दोन्ही हात वर केले, मॅच जिंकलेल्या खेळाडूसारखे. ऐंशीच्या घरातला माणूस. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मित्रहो, अकरा माणसांपासून हा माणूस तिथवर पोचला. आवाज गेल्यावर पोचला. याला हार म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

काल मी काकांच्या घरी विमलकाकूंकडे बसले होते. काकूंनी हा सिनेमा कधीच पाहिला नाही. घरात त्यांची तालीम ऐकली तेवढी पुरे, म्हणायच्या. काल त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, यंदा मी बसतो आत. पुढच्या रांगेत."

काकू, तुमची जागा धरली आहे.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं काही बोलू नका. मान मात्र खाली घालू नका, फोटोतल्या काकांकडे बघा.

भोयरकाका, आमचा सगळ्यांचा नमस्कार.