सोनारीची ढाल

रुकसाना : नाना, सकाळी माझा मोबाईल घेऊन तौसिफला काय बोलून पाठवलंत?

जाफर : दुवा दिली. परदेशात शर्यतीला गेलेल्या नातवाला दुवा द्यायला तुझी परवानगी लागती व्हय? महारुद्रा, आण की च्या! बाकडं माझ्या पंक्चरच्या दुकानाचं, च्या तुझ्या हाटेलातला. चाळीस वर्सं असंच चाललंय.

महारुद्र : आणलाय. त्या ट्यूबा सरकव तिकडं. कवा सुटणार गं पोरं?

रुकसाना : पाच मिनिटांत, आबा. कांस्यपदकाची लढत, समोर कोरिया. पण आधी नानांची ही दुवा ऐका. 'तौसिफ, काय बी झालं तरी मधी सायकल काढायची न्हाय. कोच सांगू दे, न्हायतर खुद्द बादशा सांगू दे. शेवटपातूर तूच फुडं ऱ्हायचं. सोनारीच्या जत्रंत महारुद्रानं अर्ध्यात सोडलं, त्ये अजून तोंड लपवतंय. तुला माझी कसम.'

महारुद्र : तोंड लपवतंय? रोज सकाळी ह्याच तोंडानं तुला च्या प्यायला हाका मारतोय की रे!

जाफर : मग खोटं हाय का? वीस फेऱ्यांची शर्यत. अठराव्या फेरीला ह्यो पैलवान बांधावर आडवा! वारं तर असलं सुटलं हुतं, की जत्रंतला पाळणा आपला आपण गरागरा फिरत हुता. आत बसलेल्या बायका संध्याकाळी उतरल्या. तसल्या वाऱ्यात म्या एकट्यानं ढाल आणली. ती बघ, भिंतीवर.

रुकसाना : नाना, ही तसली शर्यत नाही हो! तिघांचा संघ, तीन फेऱ्या. पहिली फेरी तौसिफनं पुढं राहून ओढायची आणि रेषेवर त्या तिरक्या ट्रॅकच्या वरच्या अंगाला सरकून बाजूला व्हायचं. दुसरी दुसऱ्यानं ओढायची, तिसरी तिसऱ्यानं. घड्याळ थांबतं ते तिसऱ्याच्या चाकावर. तौसिफ रेषेवर हटला नाही, तर सगळा संघ बाद.

जाफर : बाद म्हंजी?

रुकसाना : म्हणजे तिघांचीही चार वर्षांची मेहनत मातीत.

जाफर : मग पुसून टाक की त्यो निरोप!

रुकसाना : त्यानं ऐकलाय. निळी खूण झालीय, ही बघा.

जाफर : फोन लाव.

रुकसाना : फोन कोचनं केव्हाच काढून घेतलेत.

महारुद्र : आन् त्या पोरानं तुझा शब्द कवा मोडलाय, जाफर? ध्यान हाय का? 'दुकानाला कुलूप लावल्याबिगर हलू नगं' म्हनून गेलास, आन् किल्ली तुझ्याच खिशात. पोरगं दुपार टळोस्तर उन्हात दाराला टेकून बसलं हुतं.

जाफर : नगं आठवण काढू. रुकसाना, निदान ब्रेक तरी दाबंल की गं त्यो.

रुकसाना : त्या सायकलींना ब्रेक नसतो.

जाफर : ब्रेक न्हाय! आन् नळदुर्गातली माणसं गप्पाड्या मला म्हनत्यात.

रुकसाना : गप्प बसा आता. तिघं एका रांगेत उभे आहेत ना? त्यात सगळ्यात आतला, मान खाली घातलेला, तो तौसिफ.

जाफर : ह्या ट्रकवाल्यांना आत्ताच भोंगं सुचत्यात! वाढव की आवाज.

(मोबाईलमधून बारीक ठोके. जाफरच्या हातातला पेला खाली पडतो. कुणी उचलत नाही.)

महारुद्र : सुटला! काय मांड्या म्हनायच्या का इंजिन!

जाफर : रेषा आली. हट म्हन त्याला!

रुकसाना : अजून अर्धी फेरी आहे. माझा खांदा सोडा, नाना!

महारुद्र : आता आली बघ...

जाफर : हट रे! सोड! कसम सोडली म्या, तौसिफ, सोड!

रुकसाना : गेला. वर गेला, नाना. बरोबर रेषेवर.

जाफर : खरं?

रुकसाना : दुसरा पुढं आलाय. तौसिफ बघा, वरच्या कडेला, धापा टाकतोय. आता तिसरा एकटा राहिला. कोरिया पुढं आहे... नाही, बरोबरीनं... आपण! आबा, आपण! सेकंदाचे शंभर तुकडे केले तर चार तुकड्यांनी!

जाफर : म्हंजी पोरानं माझी कसम मोडली.

रुकसाना : मोडली.

जाफर : शाबास. पर पदक ह्याला बी देत्यात? एका फेरीत बाजूला झाला तरी?

रुकसाना : तिघांनाही. पुढच्यानं वारं अंगावर घ्यायचं. त्याच्या आडोशाला मागचा दम राखून असतो, म्हणून शेवटी पळतो.

जाफर : आडोशाला.

महारुद्र : च्या सांडला तुझा. दुसरा आणतो.

जाफर : बस जरा. सोनारीला अठरा फेऱ्या फुडं कोण हुतं?

महारुद्र : जाऊ दे की आता.

जाफर : तू हुतास. म्या तुझ्या मागच्या चाकाला चिकटून. पाळणा फिरत हुता असल्या वाऱ्यात.

महारुद्र : पाळणा न्हाय फिरला, जाफर.

जाफर : पाळणा फिरला! बाकी सगळं तू म्हनशील तसं.

रुकसाना : नाना, स्टुलावर कशाला चढताय?

जाफर : ढाल काढतोय. धर खालनं. फडकं मार जरा.

महारुद्र : मला नगं ती. हाटेलात जागा कुठं हाय?

जाफर : हाय की. भट्टीच्या मागच्या भिताडावर.

महारुद्र : तिथं कोण बघणार?

जाफर : कुणी न्हाय. पर तिथं वारं लागत न्हाय.