सुमनच्या आयशीला सांगायचं राहिलं होतं

मी मूळची इथली नाय ताई. मनोरच्या पुढं डोंगरात आमचा पाडा, तिथं बापाची थोडी भाताची जमीन, थोडी नागली, ते पण पाऊस देईल तेवढंच. भात झोडून झालं का आमी सगळी वीटभट्टीवर जायचो, आय, बाप, मी, लहान बहीण, आणि पावसाच्या तोंडाला परत यायचो. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. सतराव्या वर्षी लगीन झालं ते इथं कुंभवलीला. तेव्हा इथं कंपन्या नुकत्या येत होत्या, बोईसर स्टेशन ते इथपर्यंत नुसती धूळ. माझा नवरा रिक्षा चालवायचा, अजून चालवतो. चांगला माणूस हाय, बोलत कमी.

पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा मी रंगाच्या कंपनीत लागले, टेम्पररी. कपड्याला लावायचा रंग, त्याची पावडर. किती पण धुवा, अंगातून रंग जायचा नाय, घाम यायचा तो पण पिवळा. तिथं मला सुमन भेटली. ती घिवलीची, कोळ्यांची. नवऱ्यानं टाकलेली, आयशीकडं राहायची, सकाळच्या एसटीनं यायची. डब्यात जवळा आणायची आणि अर्धा माझ्या भाकरीवर टाकायची, न इचारता. काय सांगू तुमाला, फार बोलायची ती. सुपरवायझर ओरडायचा, तर त्याच्याशी पण बोलायची.

त्या दिवशी माझ्या बोटाला विळीनं कापलं होतं. पावडर सुकवायच्या ड्रायरकडं माझी पाळी होती, तिथली पावडर गरम, जखमेला फार झोंबायची. सुमन बोलली, तू गोणी शिवायला बस, मी जाते तिकडं. मी बोलले, जा. एवढंच. कोणाला इचारलं नाय, सांगितलं नाय. मी गोणींच्या थप्पीमागं बसले, सुतळी ओवली, आणि ड्रायर फुटला.

आवाज मला आठवत नाय. लोक सांगतात स्टेशनपर्यंत ऐकू गेला. मला आठवतं ते एवढंच का सगळं पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यातून सुमननं मला हाक मारली. मालू. दोनदा मारली. आणि मी दाराकडं पळाले. एक बिहारचा माणूस होता पॅकिंगला, त्यानं माझा हात धरला, पीछे मत देखो, चलो चलो बोलला, पण ताई, त्यानं धरला नसता तरी मी पळालेच असते. मी उठलेच होते पळायला.

सुमन गेली. आणखी दोघं गेले. कंपनीचे लोक आले, पोलीस आले, मला इचारलं, मी सांगितलं, जागच्या जागी गेली, आवाज पण नाय केला. तसंच लिवलं त्यांनी. तिच्या आयशीला पण तसंच कळवलं.

मंग मी घरी आले, आंघोळ केली, भात टाकला. रडले नाय. लोक बोलले, बघा किती धीराची. धीर कसला. आत काय नव्हतंच. एकदा तव्यावर हात टेकला, पोरगी ओरडली, आये तुझा हात, तेव्हा मी हात उचलला. जेवणाला चव नाय, मासळीला वास नाय. पोरगी हाक मारायची तर वाटायचं, दुसऱ्या कोणाला तरी मारतेय. माझा बाप गेला त्या साली, मी जाऊन आले पाड्यावर, सगळ्या बायका रडत होत्या आणि मी त्यांना पाणी देत होते.

फक्त कंपनीचा भोंगा झाला का कुठं असेन तिथं खाली बसायची, रस्त्यात पण. नवऱ्याबरोबर असले तर तो रिक्षा थांबवायचा, भोंगा बंद होईपर्यंत बाजूला उभा राहायचा, मंग बोलायचा, चल. कधी चिडला नाय. सासू बोलली, हिला लागीर हाय, भगताकडं न्या. नेलं. त्यानं तांदूळ टाकले, कोंबडी घेतली. काय झालं नाय. मंग हिला माहेरी पाठवा असं सुरू झालं, तेव्हा नवरा मला पालघरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीण बाईनं गोळ्या दिल्या आणि बोलली, बाई, तुला वेड लागलं नाय, तू धसक्यानं आजारी हाय, असं होतं माणसाला. गोळ्यांनी झोप आली, भोंग्याला बसणं पण कमी झालं. दर येळी ती इचारायची, अजून काय सांगायचं हाय का. मी बोलायची, नाय.

सहा वर्षं अशी गेली. मी कंपनीत परत गेले नाय. आणि बोईसरच्या मासळीबाजारात पण गेले नाय, कारण सुमनची आय तिथं बसायची.

एक दिवस ती आलीच घरी. दुपारची येळ, मी तांदूळ निवडत होते. पाटी उतरवली, ओट्यावर बसली, बोलली, मालू, तू माझ्याकडून मासळी घेत नाय, रस्त्यात दिसले तर वाट बदलते, मी काय केलं तुला?

मी बोलले, मावशी, तू काय नाय केलं. मी केलं. आणि मंग सांगितलं. पाळी माझी होती ते सांगितलं. बोट कापलं ते सांगितलं. सुमन लगेच गेली नाय, तिनं मला दोनदा हाक मारली, आणि मी पळाले, ते पण सांगितलं. सांगताना माझा हात तांदळातच होता, मी निवडतच होते. असं सांगितलं जसं दुसऱ्याच्या घरचं सांगतेय.

मावशीनं सगळं ऐकलं. मंग बोलली, दोनदा? मी बोलले, दोनदा. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. पाणी पण नाय प्याली.

आठ दिवस आली नाय. मी समजले, संपलं. नवव्या दिवशी आली आणि उभ्यानंच बोलली, माझा राग गेला नाय, जाईल का नाय ते पण मला म्हाईत नाय. पण सुमनबद्दल बोलायला मला दुसरं कोण हाय? घरात तिचं नाव काढलं का सगळे गप होतात. तू बाजारात ये.

मी गेले. पहिल्या दिवशी नुसती बाजूला बसले. तिनं इचारलं, डब्यात काय आणायची, तुला देत होती का, सुपरवायझरला काय बोलायची. मी सांगायची. ती परत तेच इचारायची, मी परत तेच सांगायची. मंग तिनं कोलंबी सोलायला दिली. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात कोलंबीचा काटा नखात गेला आणि मी आई गं ओरडले. मावशी हसली. बोलली, दुखतंय ना? मी बोलले, हो. आणि तिथं बाजारात, सगळ्या गिऱ्हाइकांच्या समोर, मला रडू आलं. थांबेचना. मावशी गिऱ्हाईक करत राहिली, मला गप बस बोलली नाय.

तुमाला वाटेल, मंग सगळं नीट झालं. तसं नाय. थोडं आलं परत, थोडं नाय आलं. पोरीचं लगीन झालं गेल्या साली, सगळं केलं मी, हळद लावली, पाठवणी केली, पण आत म्हणाल तर गपच होतं. डॉक्टरीण बाईला पण मंग सगळं सांगितलं मी. ती बोलली, येळ लागतो, कोणाला जास्त लागतो.

मावशी आता थकली. बाजारात मी बसते, ती बाजूला स्टूलावर. राग गेला का, मी इचारत नाय, ती सांगत नाय.

पोरीला सातवा हाय. परवा ती इचारत होती, आये, बाळ आलं का तुला आनंद होईल ना? मी काय सांगू तिला. खोटं एकदा बोलले, परत नाय बोलणार. मी सांगितलं, बाय, म्हाईत नाय. झाला तर झाला. पण रात्रंदिवस मांडीवर घेईन, तेल लावीन, शेकीन, त्याला भूक लागली का मला कळेल. त्याच्यासाठी आत काय वाटायलाच पाहिजे असं नाय. तिनं माझा हात धरून ठेवला. गरम होता तिचा हात, ते मला समजलं.

चला, तुमची बस चुकेल. सुखात राहा ताई, तुमची पोरंबाळं सुखात राहोत.