इंजिन लागलंच नाही

“हॅलो?... हो, बोला बाबा... नाही, कामातच आहे, पण बोला. अहो, हातात नळी आहे माझ्या, थांबा, स्पीकरवर टाकते.”

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सकाळपासून बावीस बाटल्या आल्या होत्या आणि तिच्या हातून जेमतेम सहा झाल्या होत्या. तिनं फोन बाटल्यांच्या रांगेला टेकवून उभा केला आणि सातवीच्या नमुन्यात रसायन थेंब थेंब सोडायला लागली. वडिलांचा फोन म्हणजे गाडीच्या गप्पा, हे ठरलेलं. चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढून झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी पहिल्यांदा काही चैनीचं घेतलं होतं. दिसायला छोटीशीच, पण आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटणारी गाडी. घरच्या प्लगवर चार्ज व्हायची, आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर चालायची.

“किती?... दोनशे सव्वीस? लिटरला?... अहो, सायकल घेतलीत की गाडी?... हो, हो, पडद्यावर येतंय, मी कुठे नाही म्हणते! पण तो पडदा फक्त पेट्रोल धरतो, बाबा. वीज कोण धरणार?... विजेचं आई बघते म्हणून ती मोजायची नाही? छान... बरं, ते राहू दे. इंजेक्शन झालं का? आज तिसरं ना?... झालं? इतक्यात? अकरा तर वाजतायत... रांग नव्हती होय. दुखलं?... आणि डॉक्टर काय म्हणाले?... नुसतं ‘उत्तम’?”

त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती. महिन्याला एक इंजेक्शन चुकवायचं नाही, चुकलं तर गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं. पहिल्या खेपेला ती बरोबर गेली होती. पुढच्या दोन वेळा, मी काय कुकुलं बाळ आहे का, म्हणून ते एकटेच गेले.

“घरी पोचलात ना मग?... बसा जरा निवांत... काय?... पेट्रोलचा काटासुद्धा हलला नाही? दोन महिने?... म्हणजे इंजिन एकदाही लागलं नाही?... आजसुद्धा?”

तिचा हात थांबायला हवा होता तेव्हा थांबला नाही. सातव्या नमुन्याचा रंग फिक्या गुलाबीवरून भडक झाला. वाया गेला. तिनं नळीची तोटी बंद केली.

“बाबा, नुसत्या बॅटरीवर किती जाते हो?... अठ्ठेचाळीस. त्याच्यावर नाही ना?... आणि दवाखाना किती लांब?... तुम्हीच मोजून सांगितलं होतंत, बासष्ट... तिथे चार्ज केली? कुठे?... पार्किंगमधला तो खांब? त्याला वायरच नाहीये, मी बघितलाय... बरं, समजा आता वायर लावली. समजा तुम्ही काठोकाठ भरून घेतली. तरी जाताना चौदा उरले, येताना चौदा उरले. ते अठ्ठावीस किलोमीटर गाडी कशी गेली? ढकलत नेलीत?”

तिनं वाया गेलेली सातवी बाटली बाजूला सरकवली.

“हॅलो?... आहात तुम्ही, मला श्वास ऐकू येतोय... कुठपर्यंत गेला होतात?... पुलापर्यंत. चोवीस. जाऊन-येऊन बरोबर अठ्ठेचाळीस. वा! आणि मागच्या महिन्यात?... तेव्हाही पूल. आणि आईला सांगितलंत, इंजेक्शन घेऊन आलो... काय करता तिथे बसून?... पेपर वाचता? कुठल्या डोळ्यानं?”

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. ती टेबलापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. शेजारची सहकारीण मान वर करून बघत होती. तिनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

“का पण, बाबा?... सुई?... मग?... कोण, डॉक्टर म्हणाले? मी बिल भरायला गेले होते तेव्हा?... ‘पुढच्या वेळी बघू, गाडी चालवायची की नाही.’ म्हणून पुढची वेळच येऊ द्यायची नाही?... अहो, पण... नाही, चिडत नाहीये. चिडत नाहीये! आईला द्या फोन... आंघोळीला गेलीय? अकरा वाजता?... थांबा. हा आवाज कसला?... टिक-टिक, टिक-टिक... घड्याळ? घरातलं घड्याळ तर वर्षभर बंद आहे!”

आणि मग तिला कळलं, ती टिक-टिक गाडीच्या वळायच्या दिव्याची होती. इतका वेळ मागे काही आवाज नव्हता म्हणून ती घरच समजत होती. बॅटरीवर त्या गाडीचा आवाज होत नाही, हेच तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे.

“तुम्ही चालवताय. आत्ता... बाजूला घ्या. बाबा, बाजूला घ्या... घर जवळ आलं ते ठाऊक आहे मला, आधी बाजूला घ्या. काय दिसतंय तिथे?... रोपवाटिका. फाटक उघडं आहे?... मग तिथेच वळा. सावकाश. कुणी मूल-बिल नाही ना आडवं?... नीट बघा. दोनदा बघा... थांबली?... ब्रेकचं बटण दाबा. दाबलंत?... बंद करा आता.”

 तिनं तळहात ॲप्रनला पुसला.

“समोर काय आहे?... जाळी. उभे गज आहेत ना? उजवा डोळा झाका हातानं... झाका तर! कसे दिसतात?... मला सांगा, मी काही डॉक्टर नाही... हं... मध्यभागी वाकतात... आणि अगदी मध्ये?... काहीच नाही? गजच नाही?”

ज्या माणसानं जन्मभर पट्टी न लावता सरळ रेघ मारली, तो रोपवाटिकेच्या जाळीसमोर बसून हे सांगत होता, तेही हळू आवाजात, कुणी ऐकेल म्हणून.

“ऐका. मी निघते... नाही, येणारच. टॅक्सीनं, चाळीस मिनिटं... दुपारची वेळ मागून घेते दवाखान्यात, हातापाया पडेन, पण आजच... आईला मी सांगते, तुम्ही काही बोलू नका... मी चालवीन... हो, तुमची गाडी मीच चालवणार! एवढं काय? तुम्ही शेजारी बसून चुका काढा... लागेल इंजिन. लागू दे ना. त्यासाठीच बसवलंय ते.”

ॲप्रन खुंटीला टांगला. सहकारिणीनं न विचारताच आठवी बाटली आपल्याकडे ओढली.

“काय?... पुन्हा बोला.”

हो म्हणणं सोपं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं.

“माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही. इंजेक्शनं घेतलीत तर आहे तेवढं राहील, एवढं ते म्हणाले होते. पुन्हा चालवायला मिळेल असं कुणी म्हणालं नाही... हो... हो, कळतंय मला... रडताय?... बरं, नाही रडत.”

ती जिना उतरायला लागली.

“आता एक करा. खाली उतरा... बाहेर या नुसते. सावलीत उभे राहा, नाहीतर त्या माळ्याशी बोला, पण आत बसू नका... कारण आत बसलात तर सुरू कराल. मी ओळखते तुम्हाला... उतरा, मी आहे फोनवर.”

तिला पट्टा सुटल्याचा आवाज आला.  ती जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून राहिली.

“बाबा?... उतरताय ना?”

दार उघडलं. पक्षी ऐकू आले, कुठेतरी नळाचं पाणी. मग बाहेरून दार लावल्याचा जाड, मऊ आवाज आला आणि गाडीच्या स्पीकरवरून चालू असलेला फोन आपोआप तुटला.