रेघा नसलेली पात

टावर चौकाजवळ, शेतीच्या औषधांच्या दुकानात, माझ्यापुढे एक दीर-भावजय उभे होते.

“एक बाटली बस नाही का होणार, आल्हादभावजी?”

“नाही, वहिनी. कांद्यात नागअळी शिरलीय. पातीवर नुसत्या पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा.”

“बघितल्या ना मी. म्हणून तर भाजीला विहिरीकडच्या क्यारीतली पात आणली. एकदम साफ.”

“कधी?”

“आज सकाळी. का?”

“ती साफ होती म्हणून तिलाच वाचवायला काल आधी दवा मारली!”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्ही तिथूनच तोडाल हे मला काय माहीत?”

“पण मी चांगली चोळून धुतलीय.”

“अळी पातीच्या आत असते, वहिनी. दवासुद्धा आतच मुरते.”

“काहीतरीच. भैया, धोने से तो निकल जाती होगी ना?”

“नहीं, बहनजी. किसी ने खाई तो नहीं?”

“वहिनी, भाजी कुठंय?”

“पीठ पेरून केली. तात्यांना ताट वाढून निघाले.”

“तात्या घरी एकटेच आहेत! फोन लावा आधी.”

“लावलाय. रिंग जातेय... तात्या, मी अंबिका. ती पातीची भाजी खाऊ नका. काय? परत वाढून घेतली?”