हातशिलाई

—न्हाय न्हाय, उभ्या उभ्या काय इचारताय, बसा की. ते स्टूल ओढा हिकडं. त्याच्यावरचं काळं कापड तेवढं जपून उचला आन टेबलावर ठेवा, घडी मोडू नगा, कुणाचं का असंना. पँटीची उंची कमी करायचीय म्हणला न्हवं? करू. लोणी देवकरहून बारामतीला आलाय पँट आखूड करायला, एसटीचं धक्कं खात. इंदापुरात टेलर उरला न्हाय वाटतं. राग नका मानू, मी आपला इचारतोय. तेवीस वरसं झाली ह्या खुर्चीवर बसतोय, चौकशीला आलेला माणूस मला पायरीवरच कळतो. आधी पिशवीतनं पँट काढतो, मग ऊस-पाण्याचं बोलतो, आन मग हळूच म्हणतो, हितं ते बँकेतलं रविंद्रराव ऱ्हात्यात न्हवं, त्यांची पोरगी कशी काय हाय? तुमी उसाचं तेवढं सोडलं, थेट पोरीवर आला. बरं केलं. माझाबी येळ वाचला.

रविंद्राची दिशा. व्हय, वळखतो की. न वळखून सांगू कुणाला, आख्खी बारामती वळखती तिला. मुलगा कोण तुमचा—पुतण्या? बुद्धघोष. नाव चांगलं हाय. फॅक्टरीत सुपरवायझर, वा. आपल्यात पत्रिका बघत न्हाईत, गुण जुळवत न्हाईत, मग बघायचं काय? तर टेलरला इचारायचं. बरुबर हाय तुमचं. आता माझ्या तोंडातनं एक वंगाळ शब्द गेला की तुमी संध्याकाळच्या गाडीनं माघारी, आन रविंद्र बसला पुन्हा वाट बघत. दोन स्थळं अशीच गेली त्येची. तिसरं तुमी. म्हंजे माझ्या जिभंवर आलं म्हणायचं सगळं. पर मी कोण तिचा? कुणी न्हाय. तिचा बाप आन मी एका गावचं, कोऱ्हाळ्याचं, एवढंच. ती काका म्हणती, ते पोरी कुणालाबी म्हणत्यात. तवा मी खरं तेच सांगणार, तुमाला गोड लागू नायतर कडू.

तर ऐका. काळं घालती. निव्वळ काळं. संक्रांतीला बाया नेसत्यात तसं एक दिवस न्हवं, बाराबी महिनं. पायघोळ झगा काळा, त्याला कोपरापस्तोर जाळीच्या बाह्या—जाळी, पाव्हणं, मासं धरायची असती तसली. गळ्यात मखमलीची काळी पट्टी, आपण कुत्र्याला बांधतो तेवढीच रुंद. नखं काळी. डोळ्यात काजळ न्हाय, काजळात डोळं. बोटात चांदीचं वटवाघूळ. आन पायात बूट, नडगीपस्तोर, नाडीचं, मे महिन्यात—मे महिन्यात, हितं डांबर चपलंला चिकटतंय आन ही बया बूट घालून कॉम्प्युटर क्लासला निघाली शिकवायला. गल्लीतली पोरं काव काव करत्यात मागनं. कावळी म्हणत्यात तिला. आन ती काय करती? वळती, हसती, आन त्येंच्याकडं बघून काव म्हणती. आता ह्याला काय म्हणायचं सांगा. लाज न्हाय का डोकं न्हाय? मी म्हणतो, दोन्ही न्हाय.

हे कुठनं आलं? पुण्यासनं, दुसरं कुठनं. दोन वरसं होती तितं कॉलेजात. तितं म्हणं असली पाच-सात पोरं-पोरी होती, काळी कापडं घालून एका खोलीत बसायची आन कॅसेट लावून विलायती गाणी ऐकायची. गाणी म्हंजे काय, मला ऐकवलं एकदा तिनं—दळणाच्या गिरणीत कुणीतरी अडकल्यावाणी. गॉथिक म्हणत्यात म्हणं त्या फॅशनला. तिकडं विलायतेत थंडी हाय, सूर्य दिसत न्हाय, तिकडच्यांनी काळं घालावं, त्यांना शोभतं. पर केबल आली आन सगळं खूळ घरात आलं. तिकडची पोरं घरातनं पोटभर जेवून रस्त्यावर येत्यात आन दुःखी दिसायला तोंडाला पावडर लावत्यात. आपल्याकडं दुःखाला पावडर लावायला लागती व्हय? शिकलेल्यांची थेरं, दुसरं काय.

आन लोकंबी काय कमी न्हाईत. लोकं म्हणत्यात, काळं अभद्र. खोटं बोलत्यात. उसाच्या ट्रॅक्टरला काळी बाहुली टांगत्यात का न्हाय? तान्ह्या पोराच्या गालाला काळी तीट लावत्यात का न्हाय? नवऱ्याच्या नावानं गळ्यात घालत्यात ते मणी कसलं, पांढरं? वरच्या आळीची श्यामलाताई—आमचं गिऱ्हाईक हाय, मास्तरीण—हितंच बसून सांगत हुती, कचरू, त्या पोरीला बघितलं की माझा दिवस खराब जातो. आन पिशवीतनं संक्रांतीची काळी साडी काढली, फॉल लावायला. मी म्हणलं, ताई, हिचा रंग कंचा? तर म्हणं हे येगळं. येगळं कसं? लोकांना काळं चालतंय, लई चालतंय, पर जवा लोकांनी ठरवलं तवाच आन जेवढं ठरवलं तेवढंच. कुणी आपल्या मनानं घातलं की झाली अवदसा. मेंढरं हाईत सगळी. ती पोरगी येडी, लोकं मेंढरं. मला कुणाचंच कौतुक न्हाय.

तिला इचारलं मी. का न्हाय इचारणार, तोंड दिलंय ना. म्हणलं, पोरी, ह्यात तुला सुख काय लागतंय? तर मशीनच्या कडंला ह्याच स्टुलावर बसून म्हणती कशी—काका, पुण्यात पहिल्या वरसाला जी भेटायची ती आधी आडनाव इचारायची. आडनाव सांगितलं की गाव इचारायची. गाव सांगितलं की गावात कुठं ऱ्हाता ते इचारायची. मग गप बसायची. हे घालायला लागले तवापासनं कुणी आडनाव इचारत न्हाय, नुसतं म्हणत्यात येडी हाय. आन मला हे दिसायलाबी झ्याक दिसतं, म्हणती. ऐकलं का कारण? येडी म्हणवून घ्यायची हौस. मी म्हणलं, बाबासाहेबांनी कोट घाला म्हणून सांगितलं, हे जाळं न्हवं. तर म्हणं, काका, कोट घातलेल्याला तरी लोकांनी कुठं सोडलं. तोंडाळ हाय, हेबी ल्हिऊन घ्या. उलट बोलती.

शिवतं कोण? कापडं? ...आता तुमी फिरून फिरून तितंच आला. शिवतो की मीच. दुसरं कोण शिवणार. बारामतीत तीन टेलर फिरली ती, एक म्हणला असली कापडं शिवली तर बाया माझ्याकडं यायच्या बंद हुतील, एकानं काळा दोरा न्हाय म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं... जाऊंद्या. तिसरा मीच. हितंच, ह्या टेबलावर तिनं कापड टाकलं, चार मीटर, आन मी हात न लावता माघारी सरकवलं. म्हणलं, असलं मी शिवत न्हाय, तुझ्या बापाला तोंड दाखवायचंय मला. तिनं कापड उचललं, घडी घातली, गेली.

आठ दिवसांनी रविंद्राच्या घरी वर्षावासाचं ग्रंथवाचन हुतं, सगळी जमलेली. ही आली त्योच झगा घालून. हातानं शिवलेला. सुई-दोऱ्यानं, चार मीटर. मी सगळ्यांच्या देखत हसलो, पाव्हणं. टेलर माणूस, मला पहिली शिवणच दिसती. म्हणलं, हा झगा हाय का वाकळ? एकेक टाका बोटाएवढा, सरळ रेषंचा पत्ता न्हाय, खांद्यावर गोळा झालेला. सगळी हसली. माझं ऐकून हसली. ती आत गेली. आन मी चहा घ्यायला लागलो, तर ती शिवण डोळ्यापुढनं हलंना. आधी कुठंतरी बघितलेली.

तुमी चहा घेणार का? बरं.

कुठं बघितलेली ते सांगतो, त्याचा तुमच्या चौकशीशी काय संबंध न्हाय, पर सांगतो. आमी धर्म घेतला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लगीन. भीमाआक्काचं. कोऱ्हाळ्यात आपल्या पद्धतीचं पहिलंच लगीन, पांढऱ्या साडीतलं. मी आठ वरसाचा. आई, रंगुबाई, मला बरुबर घेऊन पांढरं कापड घेऊन गेली गावच्या शिंप्याकडं, पोलक्याचं माप टाकायला. त्येनं कापडाला हात लावला न्हाय. म्हणला, लग्नाला पांढरं? अपशकुनाचं मी शिवत न्हाय. आईनं कापड उचललं, घडी घातली. परत येताना पाणवठ्यावर बाया हुत्या वरच्या आळीच्या, एकीनं पदर तोंडाला लावून इचारलं, रंगे, पांढरं घेऊन चाललीस, कोण मेलं गं? आन बाकीच्या हसल्या. आईनं ते पोलकं घरी हातानं शिवलं, लिंबाखाली बसून. तिला काय येत हुतं, वाकळच येत हुती. वाकळंचं टाकं घातलं, बोटाएवढं. आक्का तसल्या पोलक्यात उभी ऱ्हायली लग्नाला. खांद्यावर गोळा झालेलं, पर उभी ऱ्हायली. त्या दिवशी मी ठरवलं, शिवण शिकायची. आन दुकान टाकलं तवा आईला सांगितलं, ह्या दुकानात कुणालाबी शिवत न्हाय म्हणून सांगणार न्हाय. आई गेली त्याला अकरा वरसं झाली. बरं झालं गेली. न्हायतर चार मीटर काळं कापड माघारी सरकवताना तिनं मला बघितलं असतं.

तर ते असं. हसलो त्येच्या दुसऱ्या दिवशी गेलो रविंद्राकडं आन झगा मागून आणला. उसवला सगळा, टाका न् टाका, आन मशीनवर मारला. काय मोठं केलं न्हाय, शिवण बघवंना म्हणून केलं. तवापासनं येती. आली की बडबडत बसती आन मी शिव्या घालत शिवतो. अजून आवडत न्हाय मला ते. सांगून ठेवतो. डोळ्याला बरं दिसत न्हाय, बारामतीच्या उन्हात तर बिलकूल न्हाय, आन ती वटवाघळाची अंगठी कापडाला अडकून दोरं निघत्यात ते येगळंच.

काय? लग्नात? लग्नात काय घालणार ती—हां, ही तुमची खरी चौकशी. मगापासनं पोटात हुती ती व्हटावर आली. ऐका मग. पांढरी नेसणार. मी न्हाय सांगितलं, तिनंच सांगितलं, गेल्या महिन्यात. आक्काची गोष्ट मीच कवातरी बोलून गेलो हुतो, तर म्हणं, काका, माझं लग्नाचं पोलकं मशीनवर न्हाय शिवायचं. हातानं शिवायचं, तुमच्या आईनं शिवलं तसं. मी म्हणलं, अगं येडे, टेलर घरचा असताना? तर म्हणं टाकं मोठं मोठंच घाला. मूर्ख हाय हो. माणसं मशीन आल्यावर सुटली म्हणत्यात आन हिला वाकळंचं टाकं पाहिजेत. मी काय हो म्हणलो न्हाय. दोरा आणून ठेवलाय, पर हो म्हणलो न्हाय.

व्हय, पगार हाय. घरातलं सगळं करती. खोटं बोलत न्हाय, हे एक हाय. बापाला दवाखान्यात न्ह्यायचं व्हतं तवा तीच...

काय म्हणला? न्हाय, मशीनचा आवाज हुता, परत म्हणा.

बरं वाटलं म्हणताय, लग्नाला तरी पांढरी नेसंल म्हणून. आन त्याच्या पुढं? त्याच्या पुढचं म्हणा. मघाशी क्लासच्या दारात तिला लांबनं बघितली आन तुमाला वाटलं, घरात कोण मेलं का काय. हसा की, थांबला का? मीच हसवलं तुमाला घंटाभर, कावळी म्हणलो, येडी म्हणलो. ते मी म्हणलो. असल्या बोलण्यानं माझं घर पोळलेलं हाय, मी म्हणणार. तुमी कुठल्या तोंडानं म्हणला? तुमच्या आईचं न्हायतर आत्याचं, कुणाचं तरी लगीन पांढऱ्या साडीत लागलंच असंल की नव्यानं. वाटंवर उभं ऱ्हाऊन तिला कुणी काय इचारलं असंल? ह्येच. शब्दाला शब्द. आन तुमी त्योच शब्द घेऊन एसटीनं माझ्या दुकानात आला.

ही घ्या पँट. न्हाय केली. करणारबी न्हाय. उंची बरुबर हाय ते तुमालाबी ठावं हाय, पर त्याच्यासाठी न्हवं. तेवीस वरसात ह्या दुकानात दोनच माणसांना न्हाय म्हणलोय. एक ती, आन त्याची लाज मला अजून वाटती. दुसरं तुमी. तुमची वाटायची न्हाय.

पुतण्याला सांगा काय सांगायचं ते. टेलरनं वंगाळ सांगितलं म्हणा, खोटं न्हाय त्यात. त्येला खरंच यायचं असंल तर त्येनं स्वतः यावं, चुलत्याला पँट देऊन धाडू नये.

उठा. बाहेर पडल्यावर डाव्या हातानं जा, उजवीकडं तिचा क्लास हाय, सुटायची येळ झाली. आन ते काळं कापड हुतं तसं स्टुलावर ठेवा. तिचंच हाय. स्टूलबी तितंच ऱ्हाऊंद्या, तिला बसायला लागतंय.