निकाली, बरं का... निकाल नव्हे

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्ही जन्मभर कोर्टाच्या बातम्या दिल्यात आणि तुम्हाला एवढं माहीत नाही?’ नाही माहीत! कसं माहीत असणार? तुम्हाला सांगतो, मी मराठी घेऊन पदवीधर झालो, कायद्याच्या पुस्तकांतही नाक खुपसून आलो, पुढचं सगळं आयुष्य कोर्टाच्या बाकांवर घासलं, माझ्या किती पँटी त्या बाकांच्या खिळ्यांनी खाल्ल्या ते बायकोला विचारा... पण ‘निकाल’ आणि ‘निकाली’ या दोन शब्दांच्या मध्ये जी एक वेलांटी आहे ना, ती एवढी मोठी असेल, की तिच्याखाली विटांची आख्खी भिंत झोपेल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. निकाली, बरं का. निकाल नव्हे.

आता झालं काय, की आमच्या विभागीय न्यायालयाचा दरवर्षी वार्षिक अहवाल निघतो. वर्षभरात किती दावे आले, किती गेले, किती पडून आहेत, याचा. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. पण हा अहवाल तयार करायचा म्हणून वर्षअखेरीला कोर्टाचं काम बंद असतं! का? तर वर्षभरात काम किती झालं हे मोजायचं असतं. कारकून मोजतात, त्यांनी मोजलेलं अधीक्षक मोजतात, दावे मोजून झाले की खुर्च्या मोजतात, खुर्च्या झाल्या की पंखे मोजतात, पंख्यांचे पुन्हा दोन रकाने, फिरणारे आणि लटकणारे... आणि लांबून आलेला माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिला की पट्टेवाला म्हणतो, ‘आज नाही, आज मोजणी.’ एक म्हातारे गृहस्थ त्याला म्हणाले, ‘मग मलापण धरा मोजणीत, मी इथलाच आहे.’ पट्टेवाल्याने विचारलं, ‘फिरणारे की लटकणारे?’

तर यंदाची पत्रकार परिषद. चहा, बिस्किटं, आणि समोर प्रबंधक साहेब. म्हणजे कोर्टाचा सगळा कारभार ज्यांच्या हातात असतो ते. माणूस गोड. आवाज असा गुळगुळीत, की यांनी जन्मठेप सुनावली तरी आरोपी ‘आभारी आहे’ म्हणेल. साहेब म्हणाले, “यंदा जेवढे दावे दाखल झाले, त्याहून अधिक आम्ही निकाली काढले. आणि विशेष आनंदाची गोष्ट अशी, की आमच्याकडचा सर्वांत जुना दावाही निकाली निघाला. तो... हा... खिडकी आणि भिंतीचा.”

माझं बिस्कीट चहात पडलं.

कारण खिडकी माझ्या मावशीची होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एकटी राहते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, तोंड मात्र असं, की समोरच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा तिच्या परवानगीने भुंकतं. तिच्या शेजारी राहतात मास्तर. भूमितीचे. निवृत्त झाले, पण भूमिती यांच्यातून निवृत्त झाली नाही. दोन घरांच्या मध्ये एक बोळ आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढा, आणि मास्तरांना एके दिवशी साक्षात्कार झाला की हा बोळ त्यांचा. बरं, बोळ तुमचा तर चाला की बोळातून! नाही. मास्तरांनी त्यात भिंत उभी केली. बरोब्बर मावशीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. हात बाहेर काढला तर बोटं विटांना लागतात. मावशी म्हणाली, “अहो मास्तर, माझा उजेड गेला.” मास्तर म्हणाले, “बाई, उजेड सरळ रेषेत प्रवास करतो. माझ्या हद्दीतून करत होता. हा बोलून चालून घुसखोरच.”

मावशी कोर्टात गेली तेव्हा भिंत कमरेएवढी होती. दाव्याला नंबर पडेपर्यंत छातीला आली. पहिली तारीख लागली तेव्हा ती छपराला टेकली होती. आणि मग कोर्टाने काय हुकूम द्यावा? ‘जैसे थे’! म्हणजे आहे तसं ठेवा. दावा चालू आहे तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही, बांधायला नाही आणि पाडायलाही नाही. तेव्हापासून मावशी भरदुपारी दिवा लावून भाजी चिरते. मध्ये तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले. डॉक्टरांनी ते काढले. पट्टी सोडल्यावर बाई स्वयंपाकघरात गेली, दोन मिनिटांत बाहेर आली आणि मला म्हणाली, “डोळ्यांवरचा पडदा त्या पोरसवदा डॉक्टरने बघता बघता काढला रे. खिडकीवरचा काढायला एवढे सगळे काळे कोट लागलेत, तरी हलत नाही. मी मरायच्या आधी एकदा उजेडात चहा करीन म्हणते.” बस, एवढंच मागणं. बंगला नाही, गाडी नाही. उजेडात चहा.

आणि इथे प्रबंधक साहेब म्हणताहेत, निकाली! मी उठलो, भर परिषदेत विचारलं, “साहेब, निकाली? नक्की?” साहेब हसले. “अहो, नक्की निकाली. अहवालात छापलंय.” आता छापलंय म्हटल्यावर आम्हा वर्तमानपत्रवाल्यांची काय अवस्था होते, तुम्हाला माहीत आहे. मी बाहेर व्हरांड्यात धावलो आणि मावशीला फोन लावला. म्हटलं, “मावशी, तुझा दावा निकाली निघाला!”

“कुणाच्या बाजूने?”

“ते विचारून सांगतो.”

“विचारायचं काय त्यात? खिडकी माझ्या बाजूला आहे.” आणि फोन ठेवला.

मी परत आत गेलो. परिषद संपली होती, साहेब फाइल बगलेत मारून निघाले होते. म्हटलं, “साहेब, तो भिंतीचा दावा. निकाल कुणाच्या बाजूने लागला?”

“निकाल?” साहेबांनी असं बघितलं, जसं मी त्यांच्या कुत्र्याच्या लग्नाची तारीख विचारली. “निकाल कुठे लागलाय?”

“आत्ता तुम्हीच म्हणालात ना!”

“मी निकाली म्हणालो. निकाली निघाला म्हणजे आमच्या कोर्टातून गेला.”

“गेला? कुठे गेला?”

“वर.”

मी दचकलो हो. इतक्या जुन्या माणसांचा दावा, वर गेला म्हणजे... म्हटलं, “वर म्हणजे?”

“वरच्या मजल्यावर. यंदा वर नवं कोर्ट सुरू झालं ना, खालचं बंद केलं. खालचे सगळे दावे वर पाठवले. इथून गेले म्हणून इथे निकाली.”

“आणि वर?”

“वर नवीन दाखल.”

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशी हलली. म्हणजे जिन्याच्या अठरा-वीस पायऱ्या! पट्टेवाला गठ्ठा डोक्यावर घेऊन जिना चढला, की खाली शेकडो दावे निकाली! न्याय कुणी दिला? जिन्याने! मी म्हटलं, “साहेब, मग पुढच्या वर्षी वरचं कोर्ट बंद करून खालचं उघडा, पुन्हा निकाली निघतील.” तर त्या माणसाने काय करावं? थांबला. विचारात पडला. म्हणाला, “सुचवून बघतो.”

निकाली, बरं का. निकाल नव्हे.

आणि मग माझ्या डोक्यात दिवा लागला. मावशी! फोन लावला, उचलत नाही. पुन्हा लावला, उचलत नाही. मी कोर्टातून जो सुटलो... या वयात, या पोटासकट... मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर धाडकन आवाज. पुन्हा धाडकन. बोळातून धुळीचा लोट. गवंडी पहार घेऊन भिंतीवर तुटून पडलेला, आणि मावशी खिडकीच्या आतून त्याला सूचना देते आहे, “अरे, खालून घाल, खालून! वरचं आपोआप येतं.” आणि मास्तर! मास्तर लुंगीवर, हातात फूटपट्टी, खरंच सांगतो, फूटपट्टी, घराबाहेर पडताना माणसाला जे सुचेल ते तो उचलतो, आणि ओरडताहेत, “बाई, कोर्टाचा हुकूम आहे! जैसे थे! जैसे थे!”

मावशीने खिडकीतून मान काढली. “मास्तर, जैसे थे म्हणजे काय हो? जसं होतं तसं. आधी कसं होतं? भिंत नव्हती. तेच तर करतेय!”

“तुम्ही व्याकरणाचा खून करताय!”

“तुम्ही उजेडाचा केलात. फिट्टंफाट.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, “मावशी, थांब. निकाल लागलेला नाही. निकाली निघालाय.” मावशी म्हणाली, “तेच ते.” म्हटलं, “तेच ते नाही, दावा नुसता वर गेलाय.” तर बाईने छातीवर हात ठेवला. “अगं बाई! कधी?”

आणि तेवढ्यात वरचा मोठा तुकडा खाली आला आणि ऊन आत शिरलं.

ऊन ओट्यावर पडलं, डब्यांच्या रांगेवर पडलं, मावशी मागे वळली आणि बघतच राहिली. डबे पिवळे होते. मला वाटायचं करडे. ती पुढे झाली, चहाचं भांडं उचललं, उन्हात धरलं, आत डोकावली, आणि तिचा चेहरा जो पडला... म्हणाली, “अरे, हे इतकं काळं होतं? आणि एवढी वर्षं मी तुला यातून चहा दिला? बोलला नाहीस कधी?” मी म्हटलं, “मावशी, चव बरी होती.”

आता पुढचं ऐका, खरा धक्का पुढे आहे. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कोर्ट गाठलं. वरचं. ‘जैसे थे’चा हुकूम मोडला, बाईंवर कारवाई करा, यांना तुरुंगात घाला. मी मावशीला घेऊन गेलो, तिने पिशवीत बदलायचं लुगडं आणि गोळ्याही घेतल्या होत्या, म्हणाली, तिथे मिळत असतील नसतील. न्यायाधीश बाईंनी कागद पाहिले, चष्मा काढला, मास्तरांच्या वकिलाला विचारलं, “हा हुकूम कुठल्या कोर्टाचा?”

“खालच्या, बाईसाहेब.”

“खालचा दावा कुठे आहे?”

“निकाली निघालाय.”

“दावा निकाली, तर त्यातला हुकूमही संपला. वर आल्यावर नव्या नंबराखाली पुन्हा मागितला होतात?”

वकिलाने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी वकिलाकडे बघितलं. दोन समांतर रेषा, कधी भेटल्याच नाहीत. मागितलाच नव्हता हो! दावा जिना चढला आणि हुकूम खालीच राहिला! म्हणजे मावशीने ज्या दिवशी पहार चालवली, त्या दिवशी तिला अडवणारा एकही हुकूम या पृथ्वीतलावर नव्हता. आणि मावशीचा मूळ दावा कशासाठी? भिंत पाडा यासाठी. आता भिंतच नाही, तर पाडायचं काय? म्हणून तोही... बोला? निकाली! तिथल्या तिथे! मी घाईघाईने वकिलाला विचारलं, निकाल का? म्हणाला, नाही हो, निकाली.

मग मास्तरांनी नवा दावा ठोकला. ‘माझी भिंत मला परत बांधू द्या.’ दाखल एक, निकाली एक, प्रबंधक साहेब जिन्यात भेटले तर खूश, म्हणाले, “तुमच्या घरचं प्रमाण शंभर टक्के आहे.” आणि या नव्या दाव्यात बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी हुकूम दिला. कुठला? सांगा ना. दुसरा येतो कुठे यांना?

जैसे थे!

म्हणजे आहे तसं. म्हणजे भिंत नाही तशी. दावा चालेल तोवर मास्तरांनी एक वीट ठेवायची नाही. मास्तर तिथेच बाकावर बसले, खिळ्याच्या, मला आवाज आला. मावशीने पिशवी उघडली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, “मास्तर, काळजी करू नका, लागेल निकाल. माझा नाही का लागला?”

तर आता माझं दुखणं ऐका. संपादक माझ्या मानगुटीवर बसलेत. ‘तुम्ही या विषयातले जुने. वार्षिक अहवालाची चिरफाड करा. जिन्याचा घोटाळा लिहा. दावे तुंबतात, माणसं मरतात, न्यायाला उशीर, आग ओका!’ आणि ओकीन ना! आयुष्यभर दुसरं काय केलं? बसलो लिहायला, मथळाही दिला, ‘तुंबलेले दावे ताबडतोब निकाली काढा’... आणि फोन वाजला. मावशी. मागे कपबशीचा आवाज, नवं भांडं घेतलंय तिने, लखलखीत. म्हणाली, “काय करतोयस?” म्हटलं, “कोर्टाच्या दिरंगाईवर लिहितोय.” तिने चहाचा एक घोट घेतला, म्हणाली, “बाळा, इथे आत्ता ओट्यावर ऊन आलंय. मास्तरांचा दावा काही फार जुना झालेला नाही रे. त्या तुझ्या साहेबांना कशाला घाई करायला लावतोस? सावकाश होऊ दे. मी आहे तोवर तरी.”

आता सांगा. मी, दिरंगाईच्या विरोधात आयुष्य घालवलेला माणूस... मी कागदाकडे बघितलं, मथळ्याकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं.

संपादकांचा आत्ता पुन्हा फोन आला होता. लेख झाला का, विचारत होते.

म्हटलं, साहेब, पुढची तारीख द्या.