दहातले सहा

हॅलो?… हो, अलिबाग. हत्तीरोगाच्या पाहणीची कचेरी… माणगावचा ट्रंककॉल? द्या.

हॅलो… शकू? अगं मीच, नीरा… जरा मोठ्याने बोल. मागे भाताची गिरणी चालू आहे ना तुमची, काही कळत नाही… हां, आता येतंय.

काय?… सदू-केसरचं लग्न मोडायचं?… थांब. कोण म्हणालं हे? तुझा सदू, की तुझे सासरे?… बाबाजीकाका. बरं… हो, पेपरात आलंय ते माझ्याच पाहणीचं… नाही गं, रागावले नाही. दमलेय. सकाळपासून येईल त्याला हेच समजावतेय. आता माझ्याच भाचीवर आलं.

वाच बघू, काय छापलंय… ‘हत्तीपायाच्या दहा रुग्णांपैकी सहा पाणी साचलेल्या खड्ड्यांमुळे’. बरोबर आहे. आणि काकांनी काय अर्थ लावला?… खड्ड्याकाठच्या दहा माणसांत सहांचे पाय सुजतात?… नाही, नाही. अगं ऐक ना.

आपल्या गावात शंभर माणसं धर. पाय सुजलेली किती? पाच. बाकीची धडधाकट… हो, त्यातली कितीतरी खड्ड्याकाठचीच. आता त्या पाचांतली तीन, हे खड्डे नसते तर वाचली असती. दोघांना तरीही झाला असता. दहात सहा म्हणजे एवढंच… सुजलेल्यांतले सहा. गावातले नाहीत… हो, शंभरात तीन. तेवढेच.

कसले खड्डे काय विचारतेस? काथ्यासाठी नारळाची सोडणं भिजत घालतात ते… तेच गं, वास यायचा ते.

आता आणखी काय?… खाली लिहिलंय, दहातले आठ मच्छरदाणी नसल्यामुळे. मग?… सहा आणि आठ चौदा होतात. दहांत चौदा कसे, म्हणून काका हसले… हसू देत. अगं, तोच माणूस दोन्हीकडे मोजलाय. खड्ड्यात डास झाले, मच्छरदाणी नव्हती म्हणून चावले. दोन्हींतलं एक नसतं तरी तो वाचला असता. म्हणून त्याला इथेही धरायचं, तिथेही धरायचं. त्यांची बेरीज करायची नसते… हो, पेपरवाल्यांनी लिहायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं.

दयारामदादाचा पाय?… सुजलाय की. लपवला कुठे? बोलणीच्या वेळी तुमच्यासमोरच बसला होता तो… तो सहांतला की चारांतला?… ते मला नाही सांगता येत, शकू… हो, डॉक्टर असून. हा आकडा गावाचा आहे. एकट्या माणसाला धरून विचारलं, तुझा पाय कशाने सुजला, तर त्याचं उत्तर त्यात नाही… माझा सख्खा भाऊ आहे तो, मला विचारावंसं वाटलं नसेल?… परवा त्याने आपल्या वाडीतला खड्डा बुजवला. स्वतः घमेली टाकली. म्हटलं, दादा, तुझा पाय आता उतरायचा नाही याने. म्हणाला, ठाऊक आहे.

नाही, बापाकडून मुलीला येत नाही. डास चावून येतो… केसरचं रक्त तपासलंय मी. स्वच्छ आहे… लिहून देते की. आज स्वच्छ आहे, असं… कधीच होणार नाही, असं? ते नाही देणार… तू म्हणालीस तरी नाही. तुमच्या सदूबद्दलही नाही देणार.

अगं, केसरचं काय घेऊन बसलीस? तू कुठली? तुझं माहेर आमच्या वाडीला लागून. लग्न होईपर्यंत त्याच खड्ड्यांवरून उड्या मारल्यास. तुझे आहेत ना पाय ठणठणीत?…

शकू?… हॅलो?… इतकं हळू का बोलतेयस?… तुझाही पाय सुजलाय?

कुठला?… डावा… कधीपासून?… आणि सकाळी उतरतो?… आता सकाळीही उतरत नाही. ताप येऊन गेला होता?… कोणाला सांगितलंस?… सदूच्या बापालाही नाही.

म्हणून तूही मोडायला निघालीस?… केसर घरात आली की हा विषय निघेल, आणि काका तुझ्या पायाकडे बघतील. म्हणून… नाही, मी काही म्हणत नाही. रडू नकोस. हो, ऐकतेय… नाही गं, वाईट नाहीस तू.

हे बघ. फोनवर मला काही कळायचं नाही. थकव्यानेही सुजतो पाय, रक्त कमी असलं तरी सुजतो. तू ये. रक्त घेऊ. तोच निघाला तर गोळ्या आहेत. लवकर आलीस तर बरं… काकांना काय सांगणार म्हणजे? खरं सांग… मी सांगू? नको, माझ्याकडून नको…

शकू?… अगं, कोणाशी बोलतेयस?… गिरणी बंद झाली का?… हॅलो?

…हो, नमस्कार, बाबाजीकाका. नीरा बोलतेय… ऐकलंत तुम्ही?… अच्छा, तिनेच सांगितलं. बरं झालं… नाही, शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्यानेही नाही… तिचा काय दोष, काका? डास चावला. तुम्हाला चावला नाही, एवढंच… हो. पंचवीस वर्षं तिच्याच हातचं जेवताय, खरं आहे.

दहात किती ते राहू द्या आता. तिला घेऊन या… तुम्ही स्वतः येणार? या ना. उद्याच या.

आणि केसरचं?… परत सांगा, आवाज खरखरतोय… मोडायचं नाही. पुढे ढकलायचं. शकूचं औषधपाणी होऊन ती उभी राहून सगळं करेल, तेव्हा… हो काका, मला पटतं. दादालाही पटेल… केसरला मी सांगते. थोडं वाईट वाटेल तिला… नाही, कारण नाही सांगत. शकू सांगेल, तिला वाटलं तर.

द्या तिला एकदा… बरं, नको. रडू दे. पाय उशीवर ठेवून पडायला सांगा.

हो. ठेवते.